अर्धे तिकीट

इंग्लंडातील एका आडगावच्या दुकानदाराने गेल्या वर्षी मला एक साधा प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर द्यावयास मला तीन आठवडे लागले. पार्सलावरील हिरव्या चिठ्ठीवर मालाची किंमत किती लिहू, एवढाच तो प्रश्न. माल मीच मागविला होता, त्याची किंमत त्याच्याच दुकानात ठरली होती, आणि ती मी आगाऊ भरलीही होती. तेव्हा वास्तविक असा प्रश्न पडावयास जागाच नव्हती. परंतु त्याने तो अज्ञानाने विचारला नव्हता. खरी किंमत आणि लिहावयाची किंमत या दोन निराळ्या वस्तू असू शकतात हे तो अनुभवाने शिकला होता, आणि निदान एका खेपेपुरता त्याचा शिक्षक मीच होतो.

हा माल कोणता हे आधी सांगितले पाहिजे, नाही तर वाचकांच्या मनात भलतेच काही यावयाचे. आसासह चाकांच्या दहा जोड्या, एका इंजिनाचा बोटभर लांबीचा चालता सांगाडा, डबे एकमेकांस जोडण्याचे चिमुकले आकडे आणि तीन वार रूळ. रूळ सोडले तर सगळा ऐवज पेढ्यांच्या लहानशा पेटीत मावेल. मी जळगावचा एक निवृत्त शिक्षक. माळ्यावरच्या खोलीत एका लांब फळीवर मी गेली काही वर्षे पाचोरा ते जामनेर हा लोहमार्ग बांधीत आहे.

ज्यांनी खानदेशात काही दिवस काढले आहेत त्यांना पीजे म्हणजे काय हे सांगावयास नको. इतरांसाठी सांगतो की, पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरास जाणारी, सुमारे ५६ किलोमीटरांची ती अरुंद रुळांची गाडी होती. कपाशीच्या शेतांमधून ती इतक्या सावकाश जाई की, तिच्याबद्दलचे विनोद तिच्याहून पुष्कळ वेगाने जिल्हाभर फिरत. सुमारे शंभर वर्षे ती चालली. २०२० साली महामारीत देशातील प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा तीही थांबली. इतर निघाल्या, ती निघाली नाही. रुंदीकरणाच्या योजनेत ती कायमचीच गेली.

आता एवढ्या मोठ्या भुसावळ जंक्शनच्या शेजारी राहून मी ही मेलेली गाडीच का निवडली, असे मला पुष्कळ जण विचारतात. त्याचे एक कारण पुढे येईलच. दुसरे निव्वळ गणिताचे आहे. या छंदात जगभर सर्वांत अधिक चालणारे प्रमाण म्हणजे सत्याऐंशीस एक. युरोप-अमेरिकेतील रूळ एकमेकांपासून १४३५ मिलिमीटर अंतरावर असतात. त्यास सत्याऐंशीने भागले की साडेसोळा येतात, म्हणून बाजारात तयार मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटरांचे. आपली मोठी लाइन १६७६ मिलिमीटरांची. तिचा भागाकार सव्वाएकोणीस. म्हणजे विकतच्या रुळांवर आपली पंजाब मेल उभी केली की तिच्या पायाखालची वाट पावणेतीन मिलिमीटर खोटी झाली. पुष्कळांना हे खपते. मी चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांतील दशांशचिन्हे तपाशीत आलो, मला ते खपेना. पीजेचे रूळ ७६२ मिलिमीटरांचे, भागाकार पावणेनऊ, आणि बाजारात नऊ मिलिमीटरांचे रूळ मिळतात. चूक फक्त पाव मिलिमीटराची! बाजारच्या रुळांवर खानदेशातील जी गाडी जवळजवळ खरी मांडता येते, ती जमिनीवर उरलेली नाही, हा योगायोग मला त्या दिवशी मोठा चमत्कारिक वाटला.

पीजेचे डबे जगातील कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, ते मी पुठ्ठ्याचे आणि पातळ लाकडाचे स्वतः करतो. पुण्यास कोथरुडात भाऊसाहेब जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. ते प्रथम पाहिले तेव्हा मी मुलांच्या गर्दीत दीड तास उभा होतो, आणि माणसाला हाताने किती करता येते हे तेथे कळले. पण चाके आणि सांगाडा माझ्या हातून होण्यासारखे नव्हते. ते मागवावे लागतात, आणि हल्ली मागविणे म्हणजे संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवणे. आमच्या लहानपणी मुंबईच्या दुकानांची सूचीपत्रे येत, आणि माल व्ही.पी.ने मागविला तर पोस्टमनच्या हाती पैसे ठेवल्याखेरीज पुडके हाती पडत नसे. त्या पद्धतीत कोणी कोणावर विश्वास ठेवण्याची गरज नव्हती. विश्वास होता तो टपालखात्यावर. हल्ली मी जळगावात बसून, ज्याचे तोंड कधी पाहिले नाही अशा मनुष्यास पैसे आधी पाठवितो, आणि तो मनुष्य जळगाव नकाशावर कोठे आहे हे न पाहता चाके मोजून पुडके बांधतो. मला हे सर्व अद्याप नवलाचे वाटते. लोक म्हणतात की जगातील सचोटी संपली. मग हा व्यापार चालतो तरी कशावर?

आणि नेमक्या या सचोटीच्या व्यवहारातच आम्ही दोघांनी पहिल्या खेपेस एक खोटे केले. परदेशातून येणाऱ्या पुडक्यावर एक हिरवी चिठ्ठी असते. आत काय आहे, किंमत किती, विक्रीचा माल की भेट, हे तीवर लिहावयाचे आणि वरील मजकूर खरा असल्याबद्दल पाठविणाऱ्याने सही करावयाची. तीवरून आपल्याकडे सीमाशुल्क आकारतात. दुकानदाराने लिहिले, "भारतातील काही गिऱ्हाइके किंमत कमी लिहावयास सांगतात. आपली इच्छा?" मी उत्तर दिले, "दहा पौंड लिहा." माल साठ पौंडांचा होता. बिचाऱ्याने अधिक सौजन्य म्हणून 'भेट' या चौकोनातही खूण केली. ते मात्र फुकट गेले. टपालाने आलेल्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटींना पूर्वी आपल्याकडे माफी असे, ती डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाली. सवलत उरली ती जीव वाचविणाऱ्या औषधांना आणि राखीला. राखीबरोबर येणाऱ्या भेटवस्तूंनाही नाही. हा नियम करणारा कारकून कोण असेल तो असो, राखी तेवढी वगळण्याची त्याची बुद्धी मला फार आवडली. असो. पार्सल आले, शुल्क नाममात्र बसले, आणि मी त्या दिवशी चहाबरोबर दोन भजी अधिक खाल्ली.

भजी पचली, खोटे पचले नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. पण ते खरे नव्हे. खोटेही उत्तम पचले. वर्षभर मला त्याची आठवण देखील झाली नाही. आठवण झाली ती एका डब्यामुळे.

शेंदुर्णीच्या बाजूचा एक डबा मी करीत होतो आणि खिडक्यांच्या खाली आतून एक लाकडी बाक बसवीत होतो. बाक अंमळ उंच झाला. त्यावर बसविलेले मुलाचे चिमुकले चित्र खिडकीच्या वर डोके काढू लागले. मी चिमट्याने ते खाली दाबले, आणि तोंडातून आपोआप शब्द निघाले, "जरा लहान हो."

हे शब्द माझे नव्हते, माझ्या वडिलांचे होते. वडील शेंदुर्णीस शिक्षक होते आणि आजी पाचोऱ्यास असे. दर शनिवारी आम्ही पीजेने तिच्याकडे जावयाचे आणि रविवारी परतावयाचे, असा क्रम होता. बाराव्या वर्षापर्यंत अर्धे तिकीट. माझी बारा वर्षे १९७१ च्या जूनमध्ये पुरी झाली. पण अर्धे तिकीट त्यापुढेही दहा महिने चालले. घरात आम्ही पाच भावंडे, आजीचे औषध, आणि शिक्षकाचा त्या वेळचा पगार, हे ज्यांना ठाऊक आहे ते वडिलांस दोष देणार नाहीत. मीही देत नाही. शनिवारी गाडीत चढलो की वडील मला खिडकीशी बसवीत, गुडघे पोटाशी घ्यावयास सांगत आणि हलक्या आवाजात म्हणत, "जरा लहान हो." मी लहान होई. एकदा तपासनीसाने माझ्याकडे पाहून विचारले, "काय बाळ, कितवीत आहेस?" मी म्हणालो, "पाचवीत." मी सातवीत होतो, आणि सातवीला गणित शिकविणारे माझे वडील शेजारी बसून खिडकीबाहेर वरखेडीची शेते पाहत होते.

दुसऱ्या पार्सलाबद्दल दुकानदाराचा प्रश्न आला तो या डब्यानंतर आठच दिवसांनी. एरवी मी पुन्हा "दहा" असे लिहून मोकळा झालो असतो. या खेपेस मात्र बोट थांबले, आणि मी माझे धुळ्याचे एक स्नेही आहेत, वकिली करून निवृत्त झालेले, त्यांच्यापुढे हा विषय काढला. ते राजवाडे संशोधन मंडळापासून हाकेच्या अंतरावर राहतात आणि वादात राजवाड्यांइतकेच दुसऱ्यास जुमानत नाहीत. त्यांचे म्हणणे येथे थोडक्यात देऊन त्यास हाणून पाडणे सोपे आहे; परंतु ते खरोखर बळकट आहे, म्हणून जसेच्या तसे देतो.

ते म्हणाले, "अहो गुरुजी, हे शुल्क आहे कशासाठी? २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचे मूळ शुल्क विसावरून साठ टक्के केले, २०२३ मध्ये सत्तर केले. टपालाने येणाऱ्या खासगी मालाचे कोष्टक निराळे असेल; पण एकंदर हेतू एकच, की स्वदेशी कारखानदार जगावा. उत्तम हेतू! मी त्याच्या बाजूने भांडेन. पण तुमची ती नऊ मिलिमीटरांची चाके करणारा एक तरी स्वदेशी कारखानदार मला दाखवा. ज्याचे रक्षण करावयाचे तोच नाही, तेथे कोणाचे नुकसान झाले? सरकारचे म्हणाल, तर तुमचे शुल्क मोजावयास आणि वसूल करावयास जो कारकुनाचा वेळ जाईल त्याची किंमत काढा. राहिली सही. ती तुमची नाहीच! कागदावर असत्य लिहिणारा तो इंग्रज आहे. तुम्हांस कोणत्या कलमाखाली आणू ते सांगा, मी वकीलपत्र घेतो."

पहिल्या दोन मुद्द्यांस माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते, अजूनही नाही. त्या माझ्या दहा जोड्या चाकांनी कोणाचेही घर बुडाले नाही, हे मला मान्य केले पाहिजे. सगळ्यांनीच असे केले तर काय होईल, हा कांटचा प्रश्न मी पुढे केला, तेव्हा ते म्हणाले, "सगळे पीजे बांधीत नाहीत." हेही खरेच. तिसऱ्या मुद्द्याने मात्र त्यांनी मला सोडवावयास जाऊन अधिकच अडकविले. माझ्या फायद्याचे खोटे, आणि त्याखाली सही दुसऱ्याची! ज्याने मला चाके मोजून पाठविली, एक आकडा तुटका निघाला तर न विचारता दुसरा पाठविला, त्याच मनुष्याकडून मी त्याच्या देशात, त्याच्या टपालघरात खोटी सही करविली. आमच्या दोघांतील विश्वास खराच होता. पण तिसऱ्यास फसविण्याचे काम आम्ही त्या विश्वासाच्याच जोरावर केले. चोरांतही सचोटी असते म्हणतात ती अशीच असावी. गाडीत 'पाचवीत' हा शब्द वडील उच्चारले नाहीत, तो मी उच्चारला. या खेपेस मी खिडकीबाहेर पाहत होतो.

नीतिशास्त्राचे ग्रंथ मी या तीन आठवड्यांत थोडे चाळले. अमळनेरास १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर निघाले, त्याला कोसा-दोन कोसांवरचा शेजार समजून आम्ही खानदेशी लोक या विषयावर आपला थोडा हक्क सांगतो. पण ग्रंथांत मला माझा प्रश्न सापडेना. खुनी मनुष्य दाराशी येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारतो, तेव्हा खरे सांगावे काय, असा प्रश्न कांटने १७९७ साली चर्चिला आणि तेथेही खोट्यास मुभा दिली नाही. टिळकांनी गीतारहस्यातील कर्मजिज्ञासेच्या प्रकरणात सत्याचे अपवाद तपासले आहेत, तेही मुख्यतः जीव जाण्या-राहण्याच्या प्रसंगांचे. धर्मराजाचे 'नरो वा कुंजरो वा' तर सर्वांस पाठ आहे. तेथे एका महायुद्धाचा निकाल अडला होता. एवढ्या थोर खोट्यांविषयी एवढ्या थोर लोकांनी लिहिले. आणि आमच्यासारख्यांच्या जन्मात खुनी कधी दाराशी येत नाही. येते ती हिरवी चिठ्ठी, येतो तो तपासनीस. मोठ्या प्रमाणावरचे हे शास्त्र लहान प्रमाणावर जसेच्या तसे उतरते काय?

या ठिकाणी माझा छंदच माझ्या कामास आला. लहान प्रतिकृती करणारास प्रथम जो धडा मिळतो तो हा की, सगळे गुण सारख्याच पटीने लहान होत नाहीत. लांबी सत्याऐंशीपट कमी झाली तर पृष्ठभाग साडेसात हजारपट कमी होतो आणि वजन साडेसहा लाखपट! दहा टनांचा डबा या हिशेबाने अवघा पंधरा ग्रॅमचा झाला पाहिजे. तसा तो केला तर वळणावर कोलमडतो. म्हणून आम्ही डब्याच्या तळाशी शिशाचे तुकडे डकवितो, हिशेबात बसत नसलेले वजन मुद्दाम घालतो. आणि काही गोष्टी लहान होतच नाहीत. धूळ होत नाही. तिचा एक कण माझ्या रुळांवर दगडासारखा आडवा येतो. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळे वर चाले, तो त्या अर्ध्या खोट्याने खाली आला, असे व्यास सांगतात. चार अंगुळांना सत्याऐंशीने भागले तर एक मिलिमीटरही भरत नाही. पण माझ्या फळीवर चाक एवढेसे खाली उतरले की सबंध गाडी रुळांवरून जाते.

वकीलसाहेबांचा हिशेब नुकसानीचा होता आणि तो बिनचूक होता. नुकसान साडेसहा लाखपट लहान झाले, याबद्दल वाद नाही. पण तेवढ्यावरून खोटेही तेवढ्याच पटीने लहान झाले, ही त्यांची पुढची पायरी मला पटत नाही. नुकसान हे खोट्याचे वजन असेल; त्याची लांबी निराळी मोजावी लागते. स्लीपर एकमेकांपासून अर्धा मिलिमीटर अधिक दूर आहेत म्हणून ज्या गृहस्थाने त्या दुकानदारास दोन पत्रे लिहिली होती, त्याच गृहस्थाने साठाचे दहा करा म्हणून तिसरे लिहिले. या तीन पत्रांखाली सही एकाच हाताची आहे, याचे मला अधिक वाईट वाटते. कोणी यास भाबडेपणा म्हणेल, वकीलसाहेबांनी म्हटलेच.

वडिलांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांची गणिताची कंपासपेटी माझ्यापाशी आहे. तिच्यातील काटकोनी मी डब्यांच्या कामाला वापरतो. ती मी प्रथम उघडली तेव्हा आत पाचोरा ते शेंदुर्णीची, जुन्या पुठ्ठ्याची चौदा तिकिटे दोऱ्याने बांधलेली निघाली. सगळी पूर्ण, सगळी एकाच तारखेची, १९८४ च्या फेब्रुवारीतील, आणि एकालाही तपासनीसाचे भोक नाही. मला नोकरी लागून पहिला पगार घरी आला तो हाच महिना. वडिलांनी त्या दिवशी पाचोऱ्याच्या खिडकीवर जाऊन ती घेतली असतील, आणि जो प्रवास कोणी करावयाचा नव्हता त्याचे पैसे भरून तसेच घरी आले असतील. ते याविषयी कोणाशी बोलले नाहीत. पण हिशेब जुळत नाही. दहा महिन्यांतील शनिवार-रविवारांची अर्धी तिकिटे धरली तर पूर्ण तिकिटे चाळीसच्या वर भरतात. गणिताच्या माणसाने चौदाच का घेतली? खिशात तेवढेच पैसे होते, की काही शनिवार आजी आमच्याकडे आली म्हणून त्यांनी वजा केले, की खिडकीवरचा बाबू विचित्र नजरेने पाहू लागला म्हणून ते परत फिरले? मी पुष्कळ वेळा आकडेमोड करून पाहिली आहे. आणि चाळीस घेतली असती तरी रेल्वेचे पैसे फिटले असते. तपासनीसाला मी दिलेल्या उत्तराचे काय, हे त्या तिकिटांत कोठे मांडावयाचे ते मला कळत नाही.

तीन आठवड्यांनी मी दुकानदारास लिहिले, "खरी किंमत लिहा, आणि 'विक्रीचा माल' येथे खूण करा." त्याचे एका ओळीचे उत्तर आले: आभार. त्याने आभार का मानावे हे मी विचारले नाही. पुडके मुंबईच्या कचेरीत काही दिवस पडून जळगावास आले. पोस्टमनने शुल्काचा आकडा सांगितला तेव्हा जीव कळवळला, हे कबूल करतो; त्या पैशांत एक इंजिन सहज आले असते. पैसे मोजून घेताना त्याने विचारले, "काका, आत आहे तरी काय?" मी म्हणालो, "पीजे." तो हसला. त्याचे आजोळ पहूरचे निघाले.

संध्याकाळी माळ्यावर जाऊन पुडके उघडले आणि चाके फडक्यावर मांडून मोजली. मागविल्या होत्या दहा जोड्या, निघाल्या अकरा. पुन्हा मोजल्या, अकराच. आज रात्री त्याला पत्र लिहावयाचे आहे.